बदाम, काजू आणि भोंगा

लोकांना घाबरवायचा पगार घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे सगळे हे काम फुकटात करतात. आमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून हे गृहस्थ आले, तेव्हा पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आत्ता इथे आग लागली तर तुम्ही कुठून पळाल?"

मी म्हटलं, "तुम्ही बाजूला झालात तर दारातून."

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि खरंच बाजूला झाले.

अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. रंगांना लागणारी केमिकलं बनवतो. प्लांटमधून आलेलं सॅम्पल तपासायचं आणि ते नापास केलं की सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे लॅबमधलं माझं काम. नियम आहे म्हणून कारखान्याला एक सेफ्टी ऑफिसर ठेवावा लागतो. तो साधारणपणे पाट्या लावतो, फोटो काढतो आणि दुपारी झोपतो. आमच्या नशिबी झोपणारा आला नाही. मेंदूवरची पुस्तकं वाचलेला आला. आठवड्याभरात त्यांचं नाव मेंदूसाहेब पडलं आणि खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायला लागलं.

हेल्मेट त्यांच्या डोक्यावरून कधी उतरायचं नाही. जेवताना हेल्मेट, देवाच्या फोटोला नमस्कार करताना हेल्मेट. स्कूटरच्या हँडलला एक लाल रिबन बांधलेली, वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून. राहायचे उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. तिथून अंबरनाथपर्यंत रिबनकडे बघत यायचे, रस्त्यातल्या खड्ड्यांकडे नाही. अकाउंटमधल्या एका मुलाच्या लग्नाला आम्ही सगळे बदलापूरच्या हॉलमध्ये गेलो होतो. आहेर दिल्यावर साहेब नवऱ्यामुलाच्या कानाला लागले आणि मुलगा एकदम पांढराफटक! आम्हाला वाटलं, काय बाई सांगितलं असेल. नंतर कळलं. शॉर्टसर्किट झालं तर बायकोचा हात धरून स्टेजमागच्या दाराने निघायचं, पण त्या दाराला बाहेरून कुलूप आहे, मी बघून आलोय, एवढंच सांगितलं होतं. आशीर्वाद द्यायची पद्धत एकेकाची.

नव्या कामगारांचा ते वर्ग घ्यायचे. पहिल्यांदा मी मजा बघायला गेले होते. टेबलावर एक भलामोठा फ्लॉवर, शेजारी सुरी. मला वाटलं कॅन्टीनवाला विसरून गेला. साहेबांनी फ्लॉवर मधोमध चिरला आणि दोन्ही भागांत एकेक बदाम खोचला.

"हा मेंदू," ते म्हणाले, "आणि हा त्यातला बदाम. डावीकडे एक, उजवीकडे एक. भीती शिकतो तो हा. एकदा चटका बसला की पुरे, पुन्हा सांगावं लागत नाही." मग बदामाच्या मागे त्यांनी काजू लावला. "हा काजू. चटका कुठे बसला, कधी बसला, तेव्हा आजूबाजूला काय होतं, ते हा लक्षात ठेवतो. आणि हे पुढचं, कपाळामागचं, हे घरातलं वडीलधारं माणूस. बदाम ओरडला की हे सांगतं, गप रे, काही नाही, मांजर आहे."

मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, आणि मनुके?"

"मनुके नसतात," साहेब म्हणाले आणि पुढे शिकवायला लागले. वर्ग संपल्यावर बदाम-काजू त्यांनी स्वतः खाल्ले आणि मेंदू कॅन्टीनला दिला. दुपारी आम्ही सगळ्यांनी त्याची भाजी खाल्ली. मीठ कमी होतं.

मी त्यांना एकदा म्हटलं, "साहेब, घाबरायला काय शिकवायचं? ते काय पोहणं आहे?" तर म्हणाले, "तुम्ही बदलापूरला नदीकाठी, मांजर्लीला राहता ना? जोराचा पाऊस लागला की काय करता?"

"चहा टाकते."

"त्याच्या आधी?"

मी विचार केला. आधी मी गॅलरीत जाऊन खाली पार्किंगमध्ये पाणी आलंय का ते बघते. आमच्या बिल्डिंगमध्ये नदी एकदा येऊन गेली आहे, तेव्हापासून सगळेच बघतात.

"बघा," साहेब खूश झाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. तुमच्या बदामाला नदीने शिकवलं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या लोकांना नदी यायच्या आधी शिकवावं."

म्हणणं बरोबर होतं, नाही कोण म्हणतंय! पण सांगणारा माणूस प्लांटच्या आत पाऊल ठेवत नसे, त्याचं काय? प्लांटच्या दाराशी जमिनीवर एक पिवळा पट्टा आहे. साहेब त्या पट्ट्याशी उभे राहायचे आणि गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावून आतली तपासणी करायचे. हो, दुर्बीण. लोक माथेरानला नेतात ती. "समीर, तुझ्या गॉगलला डाग आहे!" असं बाहेरून ओरडायचे. समीर म्हणजे आमचा रिअॅक्टरवरचा, केमिकल शिजतं त्या बंद टाकीवरचा ऑपरेटर, जिभेने तिखट. तो आतून ओरडायचा, "साहेब, आत येऊन पुसून द्या!" कारखान्यात एक तरी माणूस शंभर टक्के सुरक्षित आहे, असं आम्ही म्हणायचो.

साहेबांचं खरं प्रेम भोंग्यावर. भोंगा वाजला की हातातलं टाकून गेटजवळच्या कडुलिंबाखाली जमायचं, ही तालीम दर शनिवारी. पहिल्या वेळी लोक चपला सोडून पळाले. दुसऱ्या वेळी चपला घालून आले. पुढे पुढे निम्मे लोक आत बसूनच राहायला लागले, कारण भोंगा वाजतो आणि काहीच होत नाही हे प्रत्येकाच्या कपाळामागच्या वडीलधाऱ्याने बदामाला पटवून दिलं होतं. साहेब अस्वस्थ झाले. मग त्यांनी डोकं लढवलं. उल्हासनगरहून ते शनिवारी सकाळी दाल-पकवान आणायला लागले. सिंधी लोकांचा नाश्ता. खाली कुरकुरीत पकवान, वर चण्याची गरम डाळ, चिंचेची चटणी, कांदा. तालमीला येईल त्याला प्लेट. शिकण्याला बक्षीस लागतं म्हणे.

त्यानंतर जी हजेरी लागली ती विचारू नका! भोंगा वाजला की प्लांट रिकामा. कारण डाळ पडली की पकवान मऊ पडतं, कुरकुरीत हवं तर पहिल्या पाचात पोचायला पाहिजे. प्लांट मॅनेजर खूश, हेड ऑफिसला फोटो गेले. मीही कधी दोन प्लेटा सोडल्या नाहीत. शेवटी सगळ्यात सावकाश यायचा तो दशरथ. बदलापूरच्या पलीकडच्या गावातला, ठेकेदाराकडचा हेल्पर, पन्नाशीचा. त्याच्या दाढा गेलेल्या. त्याला पकवान मऊच लागायचं, त्यामुळे तो मुद्दाम उशिरा यायचा. सगळ्यांना आपापल्या दातांप्रमाणे सोय झाली होती.

आणि मग एका गुरुवारी भोंगा वाजला.

गुरुवारी! लोक तरी खुशीत बाहेर आले. कोणी विचारतंय, आज प्लेटा कुठे, कोणी म्हणतंय, साहेबांचा वाढदिवस असेल. साहेब कडुलिंबाखाली उभे, तोंडाला रंग नाही, "खरं आहे! अरे खरं आहे! लांब जा!" असं ओरडतायत आणि समीर हसत म्हणतोय, "आज अॅक्टिंग भारी आहे हां साहेबांची." तेवढ्यात वारा फिरला आणि अमोनियाचा भपका आला. मग हसणं थांबलं. डोळ्यांतून पाणी, नाकाला ओढण्या, रुमाल. हजेरी घेतली तर दशरथ नाही.

सिलेंडर-मास्क लावून प्लांटमधले दोघं आत गेले आणि त्याला उचलून घेऊन आले. ड्रमांच्या मागे पडला होता. उलटी झालेली, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी चाललेली. त्याला घेऊन गाडी दवाखान्याकडे गेली. साहेब फुटपाथच्या कडेला बसले आणि त्यांनी हेल्मेट काढलं. आत केस विरळ आणि घामाने चिकटलेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तो माणूस म्हातारा वाटला.

दशरथ वाचला. दवाखान्यात आम्ही बघायला गेलो, साहेब आणि मी. घसा बसलेला, तरी बोलायची हौस. साहेबांनी विचारलं, "भोंगा ऐकू आला नव्हता का?"

"आला ना," दशरथ म्हणाला. "पन मना वाटलं, जरा पकवान मऊ होऊ दे. ड्रम भरून होतंय तवर."

त्याची बायको पदराने डोळे पुसत हसली. मीही हसले, बघा, हसू आलं खरं. साहेब हसले नाहीत. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, "मॅडम, त्याच्या बदामाला मीच झोपवलं." मी म्हटलं, "तुम्ही खाऊ घातलं साहेब, गॅस तुम्ही सोडला नाही." पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

डॉक्टरांनी दशरथला कामावर जायला परवानगी दिली. तो आला. डबा हातात, कपडे धुतलेले, गेटपर्यंत आला आणि तिथे त्याचे पाय थांबले. अंगाला घाम, हात थरथर. वॉचमन म्हणाला, "आओ काका." काका परत गेले. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या सासूने लिंबं उतरवली, देवऋषी झाला, काही उपयोग नाही. गंमत बघा, भोंग्याची त्याला भीती नव्हती. बाजूच्या कंपनीचा वाजला तरी ढिम्म. त्याला भीती निळ्या ड्रमांची, आमच्या गेटच्या रंगाची. बदामाने जे समोर दिसलं ते उचललं होतं. ठेकेदार कसला ऐकतो! महिनाअखेरपर्यंत आला नाही तर दुसरा माणूस घेतो, असं सांगून मोकळा झाला. धाकटी मुलगी नर्सिंगला, घरात कमावणारा हा एकटा. पन्नाशीच्या, दाढा नसलेल्या माणसाला या एमआयडीसीत दुसरं काम कोण देतंय?

तेव्हा घाबरायला शिकवणारा माणूस न घाबरायला शिकवायला लागला. कंपनीने सांगितलेलं नव्हतं, कंपनी आपल्या कामात होती. साहेब रोज सकाळी लवकर यायचे. आधी दशरथला घेऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. काही दिवस नुसता चहा. मग गेटजवळ. मग गेटच्या आत, कडुलिंबाखाली. कुठेही थरथर सुरू झाली की तिथेच थांबायचं, पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत गप्पा मारायच्या. दशरथ म्हशींबद्दल बोलायचा, साहेब मेंदूबद्दल. दोघांनाही एकमेकांचं ओ की ठो कळत नव्हतं, पण संभाषण उत्तम चालायचं.

"भीती पुसता येत नाही, मॅडम," मी एकदा त्यांच्याबरोबर चहा घेताना साहेब म्हणाले. "बदाम काहीच विसरत नाही. त्या आठवणीच्या शेजारी दुसरी चांगली आठवण आणून बसवायची, एवढंच हातात असतं. आणि टपरीवर शिकलेलं धैर्य टपरीवरच चालतं. काजूला जागा कळते ना. म्हणून त्याला थेट रिअॅक्टरपर्यंत न्यायला पाहिजे."

"कोण नेणार?" मी विचारलं. जरा खवचटपणेच विचारलं. "तुम्ही दुर्बिणीतून?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग सांगितलं. तरुणपणी ते दुसरीकडे, दुसऱ्या एमआयडीसीत होते. प्लांटच्या दाराशी त्यांनी मित्राला म्हटलं, चल चहाला. मित्र म्हणाला, तू हो पुढे, आलोच. "मी बाहेर पोचलो आणि मागे आवाज झाला. त्यानंतर मी कुठल्याही प्लांटच्या दारातून आत गेलेलो नाही. एवढी पुस्तकं वाचली ती आवड म्हणून नाही, मॅडम. मला काय झालंय ते कळावं म्हणून."

मला लाज वाटली. इतके दिवस दुर्बिणीवरून मी केलेल्या सगळ्या विनोदांची वाटली. पण तोंडातून निघालं काय, तर "अजून एक चहा सांगू का?" साहेब म्हणाले, सांगा.

महिना संपत आला तेव्हा दोघं पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोचले. मी माझं सॅम्पल घ्यायला आत रिअॅक्टरपाशी उभी होते. तिथून दिसत होतं, दोघं पट्ट्याच्या पलीकडे उभे. कोण कोणाला आत नेणार ते ठरत नव्हतं. शेवटी दशरथच म्हणाला, "साहेब, चला ना." साहेबांनी त्याचा हात धरला, की त्याने साहेबांचा, देव जाणे. दोन बाप्ये हातात हात घालून आत आले. कोणीतरी शिट्टी मारली. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटलेला, गळ्यात ती दुर्बीण. आता तिचा काय उपयोग! पण काढायचं सुचलं नसावं.

मॅनेजर आलेला होता. बॅच महागाची आणि ऐन भरात होती, मधे थांबवली तर सगळा माल गटारात. दोघं ड्रमांजवळून आले, जिना चढले, रिअॅक्टरपाशी पोचले. समीरने टाळ्या वाजवल्या. आणि दशरथ थांबला.

"साहेब, वास येतंय."

"कसला वास?" समीर म्हणाला. "काका, गॅसचा मीटर बघा. झिरो आहे, झिरो."

मी नाक वर करून हुंगलं. मला काही आलं नाही. मॅनेजरनेही हुंगलं. "खरंच येतोय का रे?" त्याने विचारलं. "का उगाच? नीट आठव." आम्ही भोवती उभे आणि जो तो तेच विचारतोय, खरंच का, नक्की का, कुठून येतोय, किती येतोय. दशरथ काकुळतीला येऊन एकेकाकडे बघत होता.

मला पुढचं माहीत होतं. टपरीवर मी तेच तर ऐकत आले होते. आता थांबायचं. पळायचं नाही. थरथर ओसरेपर्यंत इथेच म्हशींबद्दल बोलायचं. आत्ता बाहेर पडलो तर बदाम म्हणणार, बघ, मी बरोबर होतो, आणि महिन्याची मेहनत पाण्यात. हे या जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो माणूस एक क्षण दशरथच्या तोंडाकडे बघत राहिला, मग भिंतीपाशी गेला आणि त्याने भोंग्याचं बटण दाबलं.

काय तो गोंधळ! प्लांट बंद, सगळे बाहेर, कडुलिंबाखाली हजेरी. दशरथ हजर. फिटरांनी अख्खी लाइन उघडली, पाइपांच्या सांध्यातलं प्रत्येक गॅस्केट काढून बघितलं. सगळं ठणठणीत. गळती नाही, काही नाही. बॅच मात्र दह्यासारखी बसली. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "तुमच्या त्या पुस्तकात हेच लिहिलंय का?" साहेब म्हणाले, "नाही. पुस्तकात याच्या उलट लिहिलंय."

त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. कारण काय दिलं माहितीय? कामगारांत विनाकारण घबराट पसरवली. ज्या कामासाठी पगार द्यायचे तेच काम केलं म्हणून माणसाला घरी पाठवणारी कंपनी धन्य! जाताना ते लॅबच्या दारात आले, म्हणाले, "दशरथचं वाटोळं केलं मी, मॅडम. आता तो आत येणार नाही." मलाही तसंच वाटत होतं. रिबन फडफडवत स्कूटर गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लॅबमध्ये त्याला कारणं पुष्कळ असतात म्हणून कोणी विचारलं नाही.

त्यांच्या जागी आता जो आलाय तो उत्तम आहे. प्लांटमध्ये बिनधास्त फिरतो, मोबाइलवर बोलत. पाट्या लावतो, फोटो काढतो, दुपारी झोपतो.

साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दशरथ येणार नाही, यावर समीरने पैज लावली होती. कोणी घेतली नाही. पहिली पाळी सुरू व्हायच्या आत दशरथ गेटमधून आला. डबा ठेवला, हेल्मेट घातलं, पिवळ्या पट्ट्यावरून एकटा आत गेला आणि ड्रम भरायला लागला. तिसऱ्या दिवशीही आला. आता रोज येतो.

मला राहवेना. एका दुपारी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसले. डाळीत चपाती बुडवून ती मऊ व्हायची वाट बघत होता.

"दशरथभाऊ, खरं सांगा. त्या दिवशी वास आला होता का?"

"मना पन ठाव नाय, मॅडम," तो म्हणाला. "आला आसंल, नसंल पन."

"मग दुसऱ्या दिवशी आत कसे गेलात?"

त्याने चपातीचा तुकडा बोटाने दाबून बघितला. अजून झाला नव्हता.

"तुमी सगल्यांनी इचारलं, खरंच येतंय का, खरंच येतंय का," तो म्हणाला. "साहेबांनी नाय इचारलं."